संघाने मिळवलेली ग्रंथसंपदा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन ग्रंथालयाची वार्षिक तरतूद तुटपुंजी आहे, मग परदेशी संशोधनपत्रिका आम्हांस कशा वाचावयास मिळणार? – एक विद्यार्थी, धडगाव

उत्तर : सातपुड्याच्या कुशीतील एकटे महाविद्यालय प्रकाशकाकडे गेले, तर त्याने सांगितलेली वर्गणी भरण्यावाचून किंवा परत फिरण्यावाचून त्यास गत्यंतर नसते, परंतु सहस्रावधी महाविद्यालयांच्या वतीने एकच करारनामा होतो, तेव्हा प्रकाशकासही दर उतरवणे भाग पडते, आणि ग्रंथालयांच्या सहकाराचे मर्म माझ्या मते याच व्यवहारात आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना या तत्त्वावर उभी असून, आपले महाविद्यालय तिचे सभासद असल्यास, ग्रंथपालांनी आपले नाव व ई-मेल नोंदवल्यावर मिळणाऱ्या परवलीच्या शब्दाने आपणांस घरूनही लेख उघडता येतात.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका खुल्या केल्या खऱ्या. तथापि ती प्रथमतः सरकारी संस्थांपुरतीच असल्याने खाजगी संस्थांची महाविद्यालये बाहेर राहिली, ही उणीव मला गंभीर वाटते.

‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहातील प्रबंधांस मात्र सभासदत्वाची अट नाही, तेथे जळगावच्या आपल्या विद्यापीठाचे प्रबंधही आहेत. डोंगरात नेटवर्क अनिश्चित असते, म्हणून शहाद्यास किंवा नंदुरबारास जाल तेव्हा हवे ते लेख उतरवून ठेवा; आणि महाविद्यालय ‘एन-लिस्ट’चे सभासद नसेल, तर प्राचार्यांकडे सर्वांनी मिळून लेखी अर्ज अवश्य करा.