फोनवर चलच्चित्र घडविण्याची सूचना कशी लिहावी?

धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीन हें खरिपाचें प्रमुख पीक झालें आहे, आणि दरवर्षीं मृगापूर्वीं एकच गोष्ट पुन्हां सांगावी लागते: घरचें बियाणें पेरण्यापूर्वीं त्याची उगवणशक्ति तपासा. ज्यास वाचतां येतें तो वाचून समजतो. इतरांस ती गोष्ट डोळ्यांनीं दाखवावी लागते. आतां केवळ शब्दांनीं वर्णन केलें असतां फोनवर चलच्चित्र घडविणारीं साधनें निघालीं आहेत. गूगल कंपनीचें व्हेओ ३ हें त्यांपैकींच एक. तें मे २०२५ मध्यें निघालें व त्यांत आठ सेकंदांचें चित्र आवाजासह तयार होऊं लागलें. अशा वर्णनास प्रॉम्प्ट म्हणतात. आम्ही येथें त्यास सूचना म्हणूं. ती कशी लिहावी याचा हा पाठ आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हें साधन कॅमेरा नव्हे. त्यानें आपलें शेत पाहिलेलें नाहीं. असंख्य चित्रें व त्यांचीं वर्णनें यांवरून तें शिकलेलें असतें, आणि आपल्या शब्दांशीं जुळेल असें नवें चित्र रचतें. आपण जें सांगत नाहीं तें तें आपल्या मनानें भरतें. नुसतें ‘शेळी’ लिहिल्यास परदेशी पांढरी शेळी येण्याचा संभव असतो. ‘काळी, लांब लोंबत्या कानांची उस्मानाबादी शेळी’ असें लिहिलें म्हणजे चित्र आपल्या गोठ्याजवळ येतें. नव्या सालगड्यास ‘वाफे कर’ एवढेंच सांगून भागत नाहीं. कोठें, केवढे व कसे तें सांगावें लागतें. तसेंच हें आहे.

चांगल्या सूचनेचीं सहा अंगें आहेत: (१) चित्रांत कोण वा काय आहे, (२) स्थळ, (३) घडणारी एकच क्रिया, (४) कॅमेरा जवळ कीं दूर, स्थिर कीं फिरता, (५) वेळ व उजेड, (६) आवाज.

उदाहरण घेऊं. ‘शेतकरी बियाण्याची चाचणी करतो’ ही सूचना अपुरी आहे. यावरून प्रयोगशाळा व कांचेच्या नळ्याही दिसूं शकतील. तीच सूचना अशी लिहावी:

‘उन्हाळ्यांतील सकाळ. मराठवाड्यांतील खेड्यांतल्या घराची ओसरी, शेणानें सारवलेली जमीन. पन्नाशीची शेतकरी स्त्री, हिरवें लुगडें, डोक्यावर पदर. ती ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे पिवळसर दाणे एकेक करून ओळींत मांडीत आहे. कॅमेरा स्थिर, हातांच्या जवळ, वरून. कोंवळें ऊन. केवळ पाखरांचा आवाज. उभें चित्र.’

येथें क्रिया एकच आहे हें पाहावें. मांडणें, गुंडाळणें व उलगडणें या तिन्ही क्रिया आठ सेकंदांत कोंबल्या तर एकही नीट दिसत नाहीं. प्रत्येकीचा तुकडा निराळा करून मागाहून ते जोडावे. प्रत्येक सूचनेंत मनुष्य, वस्त्र व स्थळ यांचें वर्णन शब्दशः तेंच ठेवावें; नाहींतर दुसऱ्या तुकड्यांत बाई व घर दोन्ही बदलतील.

आणखी कांहीं नियम उपयोगीं पडतील. नको असलेल्या गोष्टीचें नांव घेण्यापेक्षां हवी ती गोष्ट सांगावी. चित्र बिघडल्यास सर्व सूचना न बदलतां एकच शब्दसमूह बदलून पाहावा. म्हणजे चूक कोठें होती तें कळतें. पुष्कळ साधनांत विनामूल्य चित्रांची संख्या मर्यादित असते, म्हणून सूचना आधीं कागदावर लिहून तपासावी. सर्वांत उत्तम म्हणजे आपल्या ओसरीचें छायाचित्र घेऊन, जेथें सोय असेल तेथें, तेंच पहिलें चित्र म्हणून द्यावें. मग माती, गोणपाट व भिंत आपलींच राहतात.

या यंत्राच्या उणिवाही जाणाव्या. मोजणीवर त्याचा भरंवसा धरूं नये; दहा ओळींत दहा दहा दाणे सांगितले तरी ते शंभर भरतीलच असें नाहीं. मराठी अक्षरेंही पुष्कळदां विकृत येतात. म्हणून आंकडे आपल्याच आवाजांत सांगावे व अक्षरें चित्रावर मागाहून घालावीं. सांगावयाचें तें हें: गोणपाट सावलींत ओलें ठेवून सहा-सात दिवसांनीं मोजणी करावी. शंभरांपैकीं ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवल्यास एकरीं ३० किलो बियाणें वापरावें, कमी उगवल्यास त्या प्रमाणांत वाढवावें. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी. उगवलेले कोंब दाखविण्याचा तुकडा मात्र खऱ्या गोणपाटाचाच घ्यावा. यंत्र शंभरही दाणे क्षणांत उगवलेले दाखवील, आणि त्यावर विसंबणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येईल.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची मर्यादा. कृत्रिम चलच्चित्र हें शिकविण्याचें साधन आहे, पुरावा नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्यें अतिवृष्टीनें व पुरानें परंडा व भूम तालुक्यांत उभीं पिकें गेलीं. अशा वेळीं पंचनाम्यास वा विम्याच्या दाव्यास जोडावयाचें चित्र प्रत्यक्ष शेतांत घेतलेलेंच असलें पाहिजे. एकाचें बनावट चित्र उघडकीस आलें कीं शेजारच्या दहा जणांच्या खऱ्या नुकसानीवर संशय येतो. जनावर विकतांनाही हाच नियम. म्हणून घडविलेल्या प्रत्येक चित्रावर ‘हें चित्र यंत्रानें तयार केलेलें आहे’ असें ठळक लिहावें, आणि तें गांवांत पाठविण्यापूर्वीं जाणत्या शेतकऱ्यास किंवा सहायक कृषि अधिकाऱ्यास दाखवावें. शब्द नेमके असले आणि माहिती खरी असली, तरच हें साधन आपल्या शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल.