बिल कोणाच्या नावाने फाडायचं?

आधीच सांगून ठेवतो, मी विरोधात मत दिलं होतं. मतदानाची नोंद आजही जागेवर आहे, ज्याला शंका असेल त्याने खुशाल जाऊन बघावी. तरीही पुढे करारावर ‘समूहातर्फे’ म्हणून सही माझी, फोन मला आणि शिव्याही मलाच. कारण आमच्या क्रिप्टो टोकनवाल्यांच्या समूहात खरं नाव, पत्ता आणि पॅन कार्ड सगळ्यांना माहीत असलेला माणूस मी एकटाच. बाकी सगळी टोपणनावं आणि माकडांची चित्रं.

ही गोष्ट २०२२च्या सुरुवातीची. अर्थसंकल्पात क्रिप्टोवर ३० टक्के कर जाहीर झाला होता, तरी हवा गरमच होती. आदल्या नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास जाऊन आलं होतं आणि आमच्या सामाईक खजिन्यात कागदावर बरंच काही दिसत होतं. कुणीतरी प्रस्ताव टाकला की एका बीजीएमआय (पबजी मोबाइलचा भारतीय अवतार) टीमला वर्षभर स्पॉन्सर करू. जर्सीवर लोगो, स्ट्रीमवर नाव, आणि आपलं टोकन घराघरात! दाखला दिला टीएसएम ही ईस्पोर्ट्स टीम आणि एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज यांचा. जून २०२१, दहा वर्षांचा करार, २१ कोटी डॉलर.

मी तेव्हाच लिहिलं होतं की ती बातमी शेवटपर्यंत वाचा. टीमचं नाव ‘टीएसएम एफटीएक्स’ झालं खरं, पण रायट या गेम कंपनीने आपल्या लीगच्या प्रक्षेपणात ते नाव चालू दिलं नाही. (दोनच महिन्यांनी त्याच रायटने त्याच एफटीएक्सशी आपल्या लीगसाठी सात वर्षांचा करार केला, तो भाग वेगळा. पैसे आपल्या दारात आले की सोवळं सुटतं.) जर्सी तुम्ही विकत घेतली तरी ती पडद्यावर दिसणार की नाही, हे स्पर्धा भरवणारा ठरवतो, एवढंच मला सांगायचं होतं. त्यावर रॉकेटची दोन-चार चित्रं आली आणि ‘दादा, एफयूडी (म्हणजे उगाच भीती) पसरवू नका’ एवढं उत्तर.

मतदान म्हणाल, तर एक टोकन एक मत. मोजक्या व्हेलमंडळींनी, म्हणजे ढीगभर टोकनं असणाऱ्यांनी, हो म्हटलं की विषय संपला. डॅश या क्रिप्टोवाल्यांची व्यवस्था मला त्या बाबतीत बरी वाटते. तिथे कित्येक वर्षं प्रस्ताव मांडायलाच ५ डॅश भरावे लागत, ते परत मिळत नसत, आणि मत द्यायचं तर मास्टरनोडसाठी १००० डॅश अडकवून ठेवावे लागत. आमच्याकडे सगळंच फुकट होतं. ज्यांनी सर्वात मोठ्याने हो म्हटलं त्यातले दोघं तर मे महिन्यातच माल विकून मोकळे झाले.

टीमचे मालक पंचविशीतले. नवी मुंबईतल्या एका बंगल्यात बूटकॅम्प. पहिल्याच कॉलवर म्हणाले, “दादा, स्पॉन्सर-बिन्सर काही नाही, आपण फॅमिली.” मला हे वाक्य ऐकलं की खिसा चाचपून बघावासा वाटतो.

करार झाला आणि त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला. “सर, बिल कोणाच्या नावाने फाडू?” साधा प्रश्न. समूहाच्या नावाने फाडा म्हणावं, तर समूह म्हणजे कोण? ट्रस्ट नाही, सोसायटी नाही, एलएलपी नाही. जीएसटी नंबर नाही. खजिन्याच्या पाकिटाला पाचांपैकी तिघांच्या सह्या लागतात, एवढीच आमची घटना. त्यातले दोघं परदेशात आणि एक जण पृथ्वीवर नक्की कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. “मग सर, तुमच्या फर्मच्या नावाने फाडू का?” मी स्पष्ट नाही म्हटलं. समूहात लगेच चर्चा, की मी अडवणूक करतो. शेवटी बिलाशिवायच हप्ता गेला. जुलैपासून क्रिप्टो व्यवहारांवर एक टक्का टीडीएस लागू झाला तेव्हा तो कोणी कापायचा आणि कोणाच्या पॅनवर भरायचा, यावर पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या सीएंनी तर हात जोडले.

तर पहिली गोष्ट ही, की समूहाने आधी कुठलंतरी कायदेशीर रूप घ्यावं. अमेरिकेत वायोमिंग राज्याने जुलै २०२१पासून अशा समूहांना एलएलसी म्हणून नोंदणीची सोय केली. आपल्याकडे तशी सोय नाही, पण एलएलपी काढायला कोणी अडवलेलं नाही. ‘आम्ही विकेंद्रित आहोत’ हे वाक्य अकाउंटंटला ऐकवून बघा, तो पुन्हा नावच विचारेल.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथेच माझं डोकं अजून फिरतं. करारात हप्ता आमच्या टोकनमध्ये होता आणि आकडाही टोकनचाच लिहिला होता. एप्रिलमध्ये भाव थोडा चढला तेव्हा मी म्हटलं, ठरलेल्या रुपयांइतकीच टोकनं देऊ. मालक म्हणाले, “करारात आकडा आहे ना दादा? मग तेवढीच द्या.” बरं. मे महिन्यात टेरा-लुना कोसळलं, सगळ्या बाजाराबरोबर आमचंही टोकन आपटलं. आता तेच मालक: “मुलांचे पगार रुपयांत असतात दादा, फरक तुम्ही भरून द्यायला पाहिजे.” तेव्हा करारातला आकडा कुठे गेला होता? आणि आमच्या लोकांनी फरक भरूनही दिला! का, तर ‘इमेज’ खराब होईल.

जूनमधल्या एका रात्री टीममधल्या एका मुलाचा मला इन्स्टावर मेसेज आला. विदर्भातला पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, याआधी माझ्याशी कधी बोललाही नव्हता. “सर, तुमचं पेमेंट कधी होणार? मॅनेजमेंट बोलतंय स्पॉन्सरने पैसे अडकवलेत. घरी पाठवायचे होते.”

मी दोनदा वाचला. मग लॅपटॉपवर ब्लॉकचेन एक्सप्लोरर उघडला, जिथे प्रत्येक व्यवहार उघड दिसतो. आमच्या पाकिटातून हप्ता निघाला होता दुपारी ४ वाजून ७ मिनिटांनी. ४ वाजून २१ मिनिटांनी तोच आकडा, दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या अंकापर्यंत तोच, त्यांच्या पाकिटातून एका एक्स्चेंजच्या डिपॉझिट पत्त्यावर. आधीचा हप्ता काढला, तसंच. त्याच्या आधीचा, तसंच. शेजारच्या खिडकीत भावाचा आलेख लावला. प्रत्येक हप्त्याच्या संध्याकाळी एक लाल काडी, सरळ खाली.

आमचं टोकन म्हणजे काही बिटकॉइन नव्हे. घ्यायला उभी असतात मोजकी माणसं. एका झटक्यात एवढा माल आला की भाव पडणारच. म्हणजे खजिन्यातून पैसे आम्ही द्यायचे, त्याच पैशांनी आमचाच भाव पडायचा, आणि पडलेल्या भावाचा फरक पुन्हा आम्हीच भरायचा. जी मंडळी रोज सकाळी ‘भाव का पडतोय, कोण विकतंय’ म्हणून कोकलत होती, त्यांना उत्तर तिथे उघड्यावर पडलेलं होतं. उघडून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

त्यांनी टोकनं विकली याचा मला राग नाही. बंगल्याचं भाडं, इंटरनेट, जेवणाचे डबे, हे काही टोकनमध्ये भरता येत नाही. विकणारच. पण विकून आलेले रुपये त्या पोरापर्यंत पोचले नाहीत आणि वर नाव आमचं पुढे केलं. कॉल लावला. मालकांनी कॅमेरा बंद ठेवला होता. व्यवहार वेळेसकट वाचून दाखवले. जरा वेळ शांतता, मग म्हणाले, “दादा, ते ट्रेझरी मॅनेजमेंट असतं.” मुलांच्या पगाराचं विचारलं तर, “तो आमचा इंटर्नल मॅटर आहे.” फॅमिली तेवढ्यात संपली होती.

मी सगळे स्क्रीनशॉट समूहात टाकले. आभाराची अपेक्षा नव्हती. पण ‘हे बाहेर गेलं तर भाव पडेल, डिलीट करा’ असं ऐकावं लागेल असंही वाटलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत: आपलं टोकन स्पॉन्सरशिपमध्ये एकरकमी देऊच नका. रुपयांत द्या, नाहीतर डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये. टोकनच द्यायचा हट्ट असेल तर ते दिवसादिवसाने सुटतील अशा कॉन्ट्रॅक्टमध्ये बांधा, आणि किंमत ठरवायची पद्धत, म्हणजे किती दिवसांची सरासरी आणि कुठल्या एक्स्चेंजवरची, हे करारात लिहा. चढला तरी तीच, पडला तरी तीच. आणि पुढचा हप्ता सोडण्याआधी खेळाडूंच्या खात्यात पगार जमा झाल्याचा बँकेचा पुरावा मागा. मालकाला राग आला तर येऊ दे.

मग २८ जुलै. संध्याकाळी बीजीएमआय प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर दोन्हीकडून गायब. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी येऊन गेली होती, त्यामुळे ‘असं होईल हे कुणाला वाटलं होतं’ वगैरे मला सांगू नका. मसुद्यात मी कलम घातलं होतं: खेळ बंद झाला तर हप्ते थांबतील. ते ‘निगेटिव्ह वाटतं’ म्हणून मालकांनी काढायला लावलं आणि आमच्या उत्साही मंडळींनी काढू दिलं. आता मालक म्हणाले, “सरकारी आदेश दादा, आपल्या हातात काय?” आणि त्याच दमात पुढचा हप्ता मागितला. खेळ परत आला मे २०२३मध्ये. तोवर आमचा करारही संपला होता आणि टीमही.

प्रेक्षकांबद्दल थोडक्यात. बीजीएमआय बघणारी पोरं किती लहान असतात हे त्या खेळातच लिहून ठेवलेलं आहे: अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा. अशा पोरांना एक्स्चेंजवर केवायसी करता येत नाही, आणि करता येऊही नये. आमच्याकडे जी गर्दी आली ती फुकट वाटपासाठी आली, वाटप थांबलं तशी गेली. त्यात एप्रिल २०२२पासून जाहिरात परिषदेच्या नियमांनी क्रिप्टोच्या प्रत्येक जाहिरातीत जोखमीची सूचना बंधनकारक केली होती. मालकांचं म्हणणं, “स्ट्रीमवर डिस्क्लेमर कोण वाचतं दादा?” त्या सूचनेत असं आहे की नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मागायची सोय नसू शकते. ती सूचना आम्हालाच कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती.

२०२२च्या नोव्हेंबरात एफटीएक्सच बुडालं. ११ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज, १६ला टीएसएमने करार स्थगित केला, डिसेंबरात रायट कोर्टात गेलं, त्या वर्षाचे निम्मे पैसे थकल्याचं सांगत. आमच्या समूहात काहींना जणू सुटल्यासारखं झालं. ‘बघा, एवढे मोठे बुडाले, तिथे आपलं काय!’ ही तुलना मला बिलकूल मान्य नाही. तिकडे स्पॉन्सर बुडाला, आणि समोरच्यांना करार सोडवून घ्यायला वकील होते, कोर्ट होतं, नाव-पत्ता असलेली कंपनी होती. इकडे स्पॉन्सर जिवंत होता आणि तरी त्याला साधी नोटीस पाठवता येत नव्हती. वकिलांनी विचारलं, पाठवणार कोण? त्या जागी काय लिहू, समूहाचा बोधचिन्हातला कुत्रा?

मग समूहाने कधी कुणाला स्पॉन्सर करूच नये का? करावं, पण डोजकॉइनवाल्यांसारखं. २०१४मध्ये त्यांनी नॅसकारच्या जॉश वाइजसाठी साधारण ५५ हजार डॉलर गोळा केले, टॅलाडेगाच्या एका शर्यतीसाठी. गाडीवर कुत्र्याचं चित्र, गडी विसावा आला, सगळ्यांनी मजा घेतली. त्याआधी जानेवारीत जमैकाच्या बॉबस्लेड संघाला सोचीला पाठवायला मदत केली होती. ज्याने त्याने आपल्या खिशातले दिले, परताव्याचा हिशेब कुणी मांडला नाही. वर्षभराचा करार, हप्ते, ‘पोच किती मिळाली’ हे सगळं करायचं असेल तर मग सही करणारा, मोजणारा आणि वेळ आली तर भांडणारा पगारी माणूस ठेवा. फुकटात ते काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याचं काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

बाकी नेहमीचं: सगळं लेखी घ्या, घाई करू नका, टीमची आधीची कामगिरी बघा. स्पर्धा भरवणाऱ्यांकडून क्रिप्टो लोगो चालतो का हे ईमेलवर विचारून घ्या, मालकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आमच्या लोगोवर एका स्पर्धेत चिकटपट्टी लावायला लावली होती, ती पट्टीसुद्धा नीट लागली नव्हती आणि अर्धं अक्षर दिसत होतं. त्या अर्ध्या अक्षराचा फोटोही आमच्यातल्या एकाने ‘एक्स्पोजर’ म्हणून फिरवला.

त्या मालकांची आता नवी टीम आहे, नवं नाव, जर्सीवर दुसऱ्याच एका टोकनचा लोगो. त्या समूहातल्या एकाने मध्यंतरी मला विचारलं, माणूस कसा आहे. मी मत काही दिलं नाही. जुन्या पाकिटाचा पत्ता पाठवला आणि म्हटलं, वेळा बघा.