थव्याची टिटवी आणि तिचा प्रवास

टिटवीची ओळख ग्रामीण भागातील मुलांना नव्याने करून द्यावी लागत नाही. ओढ्याकाठी, तळ्याच्या बांधावर किंवा नुकत्याच नांगरलेल्या रानात तिचा कर्कश ओरडा त्यांनी ऐकलेला असतो. आणि रात्री टिटवी ओरडली म्हणजे काही अशुभ घडणार, ही समजूतही घरात कानांवर पडलेली असते. वस्तुतः कुत्रा, कोल्हा किंवा वाटसरू अंड्यांच्या जवळून गेला म्हणजे ती ओरडते. अशुभ असलेच तर ते तिच्या पिलांपुरते असते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, या अध्यापनतत्त्वास अनुसरून शिक्षकांना या परिचित टिटवीपासून आरंभ करून भूगोलाचा व निसर्गाभ्यासाचा एक पाठ थेट मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशापर्यंत नेता येईल. कारण टिटवीच्याच कुळातील एक पक्षी दर हिवाळ्यात तेथून भारतात येतो, आणि आज त्याचे अस्तित्वच धोक्यात आले आहे.

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव व्हॅनेलस ग्रेगॅरियस. पॅलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. 'ग्रेगॅरियस' या लॅटिन शब्दाचा अर्थ कळपाने राहणारा. तेव्हा मराठीत तिला 'थव्याची टिटवी' म्हणण्यास हरकत नाही. आपल्या नेहमीच्या टिटवीहून ती किंचित लहान असते. डोळ्यांपुढचा लाल मांसल भाग तिला नसतो, आणि पाय पिवळे नसून काळे असतात. डोक्यावर गडद रंगाची टोपी व तिच्या कडेने पांढऱ्या भुवया असून त्या मानेच्या मागे येऊन एकमेकींस मिळतात. विणीच्या काळात पोट काळे व मागील बाजूस तांबूस होते. हिवाळ्यात मात्र हा साज उतरतो व पक्षी मातकट दिसू लागतो. भारतात तो बहुधा याच वेषात असतो. नांगरटीच्या ढेकळांत उभा राहिला तर पाहणाऱ्यास तो चटकन दिसत नाही. पाणथळीतील लांब पायांच्या पक्ष्यांशी तिचे नाते आहे. परंतु ती राहते कोरड्या माळावर आणि खाते भुंगेरे, नाकतोडे व असेच इतर कीटक.

या टिटवीचे माहेर कझाकस्तान आणि त्याला लागून असलेला रशियाचा दक्षिण भाग. एप्रिलच्या मध्यास ती तेथे पोहोचते आणि उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालते. येथे मुलांना विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, हजारो किलोमीटर मोकळे गवताळ रान उपलब्ध असता ही टिटवी वस्ती करते ती खेड्याच्या शेजारी. उंच गवतात तिला शत्रू दिसत नाही व पिलांना चालता येत नाही. गुराढोरांनी, शेळ्यामेंढ्यांनी व घोड्यांनी चरून गवत जेथे अगदी आखूड झालेले असते, ती जागा तिला हवी असते. अशी जागा गावाच्या शिवेलगतच असते. शेणाच्या गोळ्यांमध्येच तिने घरटे केल्याचे अनेकदा आढळते. पूर्वी हे गवत आखूड ठेवण्याचे काम सायगा नावाच्या हरणांचे प्रचंड कळप करीत असावेत. पुढे त्यांच्या जोडीला आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी माणसाची जनावरे आली.

त्यामुळे माणसाच्या इतिहासातील प्रत्येक उलथापालथ या पक्ष्यास भोगावी लागली. १९५४ मध्ये सोव्हिएत सरकारने पडीक जमिनी नांगराखाली आणण्याची मोहीम काढली आणि एकट्या कझाकस्तानात काही वर्षांत सुमारे अडीच कोटी हेक्टर गवताळ जमीन गव्हाच्या पिकाखाली गेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, सामुदायिक शेते बंद पडली, आणि त्या दशकात देशातील शेळ्यामेंढ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास होती ती एक कोटीपर्यंत खाली आली. दूरच्या कुरणांत जनावरे जाईनाशी झाली व तेथील गवत वाढले. सायगांचीही त्याच काळात शिकार होऊन लाखांचे कळप हजारांवर आले. (२०१५ च्या साथीत दोन लाखांवर सायगा मेल्या; तथापि संरक्षणामुळे त्यांची संख्या पुढे पुन्हा दहा लाखांच्या वर गेली.) एके काळी नांगराने आणि पुढे चराईच्या अभावाने टिटवीची जागा गेली. चराई म्हणजे माळाचा नाश, असे सरसकट शिकविले जाते. या पक्ष्याचे उदाहरण ते विधान तपासून पाहावयास लावते.

२००४ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाने या टिटवीस 'अतिसंकटग्रस्त' ठरविले. त्या वेळी जगात काहीशेच जोड्या उरल्या असाव्यात, असा अंदाज होता. पुढे कझाकस्तानात पाहणी वाढली, आणि पक्ष्यांच्या पाठीवर सौर ऊर्जेवर चालणारी लहान यंत्रे बसवून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांच्या मार्गाची नोंद घेण्यास २००७ मध्ये आरंभ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, जेइलानपनार येथे, तीन हजारांहून अधिक टिटव्या एकत्र आढळल्या. साऱ्या जगात जितक्या असतील असे वाटत होते, त्याहून अधिक टिटव्या त्या एकाच ठिकाणी उतरल्या होत्या! त्यानंतरच्या अंदाजात ५,६०० जोड्या धरल्या गेल्या. तरीही 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का कायम राहिला. मुले येथे हमखास शंका काढतील. त्यांना असे सांगावे की, किती पक्षी उरले एवढ्यावरच धोका ठरत नाही. किती वेगाने कमी होत आहेत, हेही पाहावे लागते. हौदात पाणी किती आहे यापेक्षा गळती किती आहे, हे कधी कधी अधिक महत्त्वाचे असते.

उपग्रहाच्या नोंदींवरून दोन वाटा स्पष्ट झाल्या. एक वाट कझाकस्तानातून पश्चिमेस, कास्पियन समुद्राच्या उत्तरेकडून कॉकेशस ओलांडून तुर्कस्तान, सिरिया, इराक, अरबस्तान अशी जाऊन सुदानात संपते. ही सुमारे पाच हजार किलोमीटरांची आहे. दुसरी, बरीच जवळची, दक्षिणेकडे उतरून उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान यांच्या सीमेवरून पाकिस्तान व वायव्य भारतात येते. या सीमेवरील ताल्लीमर्जान परिसरात २०१५ च्या ऑक्टोबरात चार हजारांवर पक्षी मोजले गेले.

पक्षी कमी होण्याचे मूळ कारण शोधताना प्रथम संशय गुरांवर आला. गुरांच्या पायांखाली अंडी तुडविली जातात, हे खरेच होते. टिटवी पंख पसरून गाईच्या तोंडासमोर उभी राहते, तरी प्रत्येक वेळी तिला यश येते असे नाही. परंतु अनेक वर्षे घरट्यांवर पाळत ठेवल्यानंतर असे दिसून आले की, केवळ अंड्यांच्या व पिलांच्या हानीने एवढी घट होऊ नये. खरी उणीव मोठ्या पक्ष्यांत होती. गेलेले पक्षी पुरेशा संख्येने परतत नव्हते. पश्चिमेच्या वाटेवर, विशेषतः सिरिया, इराक व अरबस्तान येथे, बंदुकीने व पाळीव ससाण्यांकरवी होणारी शिकार हेच मुख्य कारण असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. एखाद्या वर्षीची अंडी गेली तर पुढील वर्षी भरपाई होऊ शकते. वीण करणारी मादीच मारली गेली तर ती होत नाही. थव्याने राहण्याची सवय येथे घातक ठरते, कारण शिकाऱ्यास एकाच ठिकाणी पुष्कळ पक्षी सापडतात. ज्या कझाक खेड्याने गुरे राखून तिला जागा दिली, त्याचा या मृत्यूंत काही अपराध नाही आणि त्यावर त्याचा काही इलाजही नाही. म्हणूनच हे काम एका देशाचे राहत नाही. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून सामील आहे. या कराराची परिषद २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगर येथे भरली होती.

भारतात ही टिटवी मुख्यतः गुजरात व राजस्थान येथील कोरड्या रानांत, कच्छच्या आसपास हिवाळा काढते. महाराष्ट्रात ती विरळाच दिसते. येथे तिला बंदुकीपेक्षा जागेची चिंता अधिक. सरकारी दप्तरांत गवताळ माळ बहुधा 'पडीक' म्हणून नोंदलेला असतो. पडीक म्हटले की तेथे झाडे लावावीत किंवा कारखाना काढावा, असे ओघानेच मनात येते. कच्छच्या बन्नी भागात चांगल्या हेतूने लावलेल्या वेड्या बाभळीने गवताची केवढी जागा व्यापली, हे सर्वश्रुत आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमासाठी शाळेने जागा निवडताना हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे: गावठाण, रस्त्याच्या कडा, शाळेचे आवार येथे झाडे अवश्य लावावीत, गुरे चरतात तो माळ मात्र मोकळा राहू द्यावा.

पाठासाठी आशियाचा नकाशा व दोन रंगांचे दोरे पुरेत. दोन्ही वाटा मुलांकडूनच लावून घ्याव्यात व कोणत्या देशात कोणत्या महिन्यात काय धोका, हे त्यांच्याकडून सांगून घ्यावे. उन्हाळ्यात गावच्या माळावर आपल्या टिटव्यांची अंडी दिसतात. ती चार असून निमुळती टोके आत केलेली असतात. ती मुलांना वीस पावलांवरून, थोडा वेळच दाखवावीत. टिटवी उन्हात फार वेळ दूर राहिली तर अंडी तापून निकामी होतात. खूण म्हणून जवळ काठी किंवा दगड ठेवू देऊ नये, कावळे त्यावरून घरटे हुडकतात. आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात पांढऱ्या भुवयांची, काळ्या पायांची टिटवी आढळलीच, तर दिनांक, जागा आणि थव्यातील संख्या शाळेच्या निरीक्षणवहीत लिहून ती माहिती जवळच्या वनखात्याच्या कार्यालयास कळवावी.