मनगटावरची लाल रेघ



ऑडिटच्या तयारीत एका ग्रामसंघाच्या लेखापाल ताई दिवसभर लॅपटॉपवर नोंदी भरत होत्या. संध्याकाळी त्यांनी बांगड्या मागे सरकवल्या, तर दोन्ही मनगटांवर लाल रेघ! म्हणाल्या, "मॅडम, बोटांना मुंग्या येतात. हे काम काही मला जमायचं नाही. दुसरीला द्या."

जमत तर होतंच. एकही बेरीज चुकली नव्हती. दोष होता लॅपटॉपच्या टोकदार कडेचा आणि बसण्याच्या पद्धतीचा.

असं का होतं?
तळहाताच्या मुळाशी एका अरुंद जागेतून एक मोठी नस बोटांकडे जाते. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांना स्पर्श कळतो, तो तिच्यामुळे. मनगट तासन् तास कडेवर टेकलं की या जागेवर दाब येतो आणि बोटं बधिर होतात.

काय करायचं?
१. टेबल उंच असेल तर खुर्चीवर गोधडीची घडी घालून बसा. कोपर की-बोर्डच्या उंचीला यायला हवं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.
२. टाइप करताना मनगट टेकवू नका, सरळ ठेवा. थांबलात की हात मांडीवर घ्या.
३. बांगड्या कोपराकडे सरकवा. त्याही रुततात.
४. पुढच्या कडेवर मऊ सुती कापडाची घडी ठेवा. हवेची भोकं झाकू नका. लॅपटॉप मिटण्याआधी कापड आठवणीने काढा, नाहीतर स्क्रीन फुटेल.
५. रोजचंच काम असेल तर वेगळा की-बोर्ड जोडून घ्या. त्याचा खर्च बैठकीत मांडा. हा लाड नाही, कामाचं साधन आहे.
६. अर्ध्या तासाने उठा, मुठी उघडझाप करा.

हे करू नका
कड कानशीने घासू नका. धातूचा चुरा आत गेला तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. प्लॅस्टिकचा टवका उडाला असेल तर तेवढ्यावर चिकटपट्टी लावा.

पण कड आपोआप उघडली असेल, लॅपटॉप फुगल्यासारखा दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तो दाबू नका, पट्टीही लावू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. अशा बॅटरीला आग लागू शकते.

रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून भांडं निसटत असेल, तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा.

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी जुन्या साडीची घडी आणली, खुर्ची उंच करून घेतली आणि ऑडिटचं काम स्वतःच पूर्ण केलं.

पुढच्या बैठकीत: लॅपटॉपवर काम करणाऱ्या ताईचं मनगट बघा. रेघ दिसली तर आधी तिची बसायची जागा नीट करा.