जुन्या देहाचा दावा

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान लोकलमधून पडून डावा पाय गुडघ्याखाली गमावल्यानंतर समाचारास येणाऱ्या प्रत्येक आप्ताने मला ‘पुन्हा पूर्वीसारखा होशील’ असाच आशीर्वाद दिला. आणि आज उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जे तरुण अशाच प्रसंगातून जात असतील त्यांना माझे पहिले सांगणे असे की, तो आशीर्वाद कृतज्ञतेने घ्यावा, परंतु त्याला आयुष्याचे उद्दिष्ट करू नये. मी कबड्डीत चढाई करणारा. ती चढाई हीच माझी ओळख, आणि खालसा झालेल्या वतनावर पिढ्यान्‌पिढ्या दावा सांगत बसावे तसा मनुष्य आपल्या जुन्या देहावर हक्क सांगत बसतो.

पेठच्या मुरलीकांत पेटकरांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. सैन्यातले हे मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पोहणे त्यांच्या वाट्यास आले ते उपचार म्हणून. आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ते पदक मुष्टियुद्धाचे नव्हते, हा तपशील मला विक्रमाहूनही मोलाचा वाटतो.

मलाही पाण्यानेच आधार दिला. तेथे देहाचा भार पाणी उचलते. मात्र जखम पूर्ण भरल्यावाचून आणि डॉक्टरांच्या अनुमतीवाचून पाण्यात उतरू नये. रसायनांनी नासलेली वालधुनी तर वर्ज्यच, आणि पावसाळ्यातील उल्हास नदीशी धाडस नको. कठडा व पायऱ्या असलेला तलावच बरा. कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, सुजू लागतो व मग पाय बसत नाही, म्हणून पोहून झाल्यावर तो नीट कोरडा करून लवचिक पट्टी बांधावी. ज्यांच्या पायांची संवेदनाच गेली आहे त्यांनी तलावात मोजे घालावेत, कारण खरखरीत फरशीने सोललेली कातडी त्यांना कळत नाही आणि तेवढ्या ओरखड्याचे पुढे महिनोन्‌महिने न भरणारे व्रण होतात.

स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, दाखल्यावरील चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचा आकडा सरकारी सवलतींच्या कामी येतो. जलतरणातील एस १ ते एस १० हे शारीरिक अपंगत्वाचे वर्ग मात्र प्रत्यक्ष हालचाल तपासून ठरतात. तेव्हा आकड्यावरून आपला वर्ग गृहीत धरू नये, आणि वैद्यकीय कागदांच्या अस्सल प्रती घरी जपून दफ्तरी नकलाच दाखल कराव्यात.