गाडीचा ईसीएम गेला म्हणतात? आधी तपासा, मग पैसे मोजा

शाहूवाडी तालुक्यात आंबा घाटाकडून पावसाच्या सरी सुरू झाल्या, की गाड्यांची विजेची दुखणीही सुरू होतात. वडापची जीप असो, दुधाची गाडी असो की घरची वॅगनआर, गाडी रस्त्यातच बंद पडते. चेक लाइट पेटलेला असतो आणि निदान कानावर येते, ‘ईसीएम गेलाय, नवीन टाकावा लागेल.’ आकडा पाच अंकी असतो, त्यामुळे मालकाच्या पोटात गोळा येतो.

ईसीएम किंवा ईसीयू हा इंजिनाचा संगणक. सेन्सरांकडून माहिती घेऊन इंधन किती सोडायचे आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. तो बिघडतो हे खरे. पण उतरलेली बॅटरी, सैल अर्थिंग, उंदराने कुरतडलेली वायर आणि पाणी शिरलेला कपलर यांची लक्षणेही अगदी तशीच असतात आणि ही कारणे कितीतरी जास्त वेळा सापडतात. म्हणून स्वस्त तपासणी आधी आणि महागडा पार्ट सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू देऊ नका.

खालचे दर लहान आणि मध्यम गाड्यांसाठीचे ढोबळ अंदाज आहेत. मॉडेल आणि गॅरेजनुसार ते बदलतात, तेव्हा लेखी कोटेशन घ्याच.

पायरी 1 : बॅटरी, फ्यूज, अर्थिंग (0 ते 500 रुपये)

चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. मीटरवर चेक लाइट पेटला पाहिजे. तो पेटतच नसेल तर ईसीएमपर्यंत वीज पोचत नसण्याची शक्यता मोठी. मेन रिले आणि ईसीएमचा फ्यूज आधी पाहा. फ्यूज काही रुपयांत येतो, रिले काहीशे रुपयांत.

मल्टिमीटर लावून बॅटरी मोजा. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा हवा. सेल्फ मारताना तो 9.6 च्या खाली गेला, तर बॅटरी अशक्त आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.7 दिसायला हवे. 15 च्या वर गेला, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे. तो तसाच ठेवून नवा ईसीएम बसवला, तर तोही जळण्याचा धोका राहतो.

आता बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी जाड वायर पाहा. तिचा बोल्ट सोडून थिंबल उचलले, की खाली बऱ्याचदा तांबूस गंज किंवा हिरवी बुरशी दिसते. वरून बोल्ट घट्ट असतो, आत संपर्क नसतो. पॉलिश पेपरने घासून, घट्ट करून, वर थोडे ग्रीस लावले की चेक लाइट, झटके आणि मिसिंग एकदम बंद झाल्याची उदाहरणे कुठल्याही वायरमनकडे असतात.

पायरी 2 : स्कॅनर (300 ते 1,000 रुपये)

स्टिअरिंगखाली 16 पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. तिथे स्कॅनर लावून सगळे कोड कागदावर लिहून घ्या किंवा फोटो काढा. मोबाइलला जोडायचा साधा ब्लूटूथ डोंगल 500 ते 1,500 रुपयांत मिळतो. इंजिनाचे नेहमीचे कोड वाचायला तो पुरतो.

पी0601 हा ईसीएमच्या मेमरीचा आणि पी0606 हा प्रोसेसरचा कोड. कोड पुसून, बॅटरी पूर्ण चार्ज करूनही हे परत येत असतील, तर संशय ईसीएमवर. पी0562 म्हणजे व्होल्टेज कमी. तेव्हा पायरी 1 पुन्हा करा. पी0335 आला तर क्रँक सेन्सर आणि त्याची वायर तपासा. यू0100 म्हणजे इतर यंत्रणांचा ईसीएमशी संपर्क तुटला आहे. त्यामागे मेलेला ईसीएम असू शकतो, तसाच उडालेला फ्यूज किंवा तुटलेली वायरही. नुसत्या कोडवर पार्ट बदलायला संमती देऊ नका.

पायरी 3 : वायरिंगची कसून तपासणी (800 ते 2,500 रुपये)

हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि हार्नेस कुरतडतात. काचेखालच्या जाळीत पाला साचला, की पाणी नको तिथे उतरते. कपलर सोडून आत ओल, हिरवा गंज किंवा वाकलेली पिन आहे का, हे तुमच्या डोळ्यांदेखत बघायला सांगा.

एक चाचणी आवर्जून करून घ्या. ईसीएम बऱ्याच सेन्सरांना 5 व्होल्टचा पुरवठा करतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर हा पुरवठाच बसतो आणि ईसीएम मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी सेन्सरांचे कपलर एकेक करून काढायचे आणि मल्टिमीटरकडे पाहायचे. ज्याचा कपलर निघताच 5 व्होल्ट परत आले, तो सेन्सर दोषी. हजार-दोन हजारांच्या सेन्सरपायी तीस हजारांचा ईसीएम बदलला जाऊ नये, म्हणून एवढा वेळ द्याच.

ईसीएम खरोखरच गेला असेल तर

ईसीएमला पूर्ण वीज मिळते, अर्थिंग ठीक आहे, वायरिंग सलग आहे, तरी स्कॅनर बोलत नाही किंवा इंजेक्टर-कॉइलला आदेश सुटत नाही, हे सिद्ध झाले की तीन मार्ग उरतात.

• दुरुस्ती : 3,500 ते 12,000 रुपये. जळालेली ड्रायव्हर चिप, फुगलेला कपॅसिटर किंवा पाण्याने खाल्लेला ट्रॅक बदलता येतो. तुमचाच डेटा राहत असल्याने कोडिंगची कटकट बहुधा नसते. तीन ते सहा महिन्यांची हमी लेखी घ्या.

• जुना ईसीएम : 4,000 ते 12,000 रुपये, अधिक डेटा क्लोन करण्याचे 2,000 ते 5,000. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. इमोबिलायझर असलेल्या गाडीत तो नुसता बसवून इंजिन चालू होत नाही. बिलाशिवाय घेऊ नका. पार्ट चोरीच्या गाडीचा असू शकतो.

• नवा ईसीएम : लहान पेट्रोल गाडीला साधारण 15,000 ते 35,000, कॉमन रेल डिझेलला 30,000 ते 70,000 किंवा जास्त. चावी जुळवणे आणि कोडिंगचे 1,500 ते 4,000 वेगळे. डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरवरचा कोडही नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो. तो भरला का, हे विचारा.

गाडी सात-आठ वर्षांपेक्षा जुनी असेल, तर आधी दुरुस्ती करून पाहणे शहाणपणाचे. ईसीएम बदललाच, तर काढलेला मात्र मागून घ्या. त्यातला डेटा पुढे लागू शकतो.

मलकापूर-बांबवड्यात पहिल्या तीन पायऱ्या होऊ शकतात. बोर्ड दुरुस्ती आणि कोडिंगसाठी कोल्हापूर गाठावे लागते. मलकापूरहून पन्नासेक किलोमीटर टोचन करून न्यायला 2,500 ते 4,500 रुपये लागतात. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल, तर आधी तो फोन करा.

वॉरंटी आणि विमा

मारुती सुझुकीने जुलै 2024 पासून मूळ वॉरंटी 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर केली आहे. गाडी मुदतीत असेल तर बाहेर ईसीएम उघडू देऊ नका. साध्या विमा पॉलिसीत आपोआप झालेला विजेचा बिघाड बसत नाही. पुराच्या पाण्याचे नुकसान ओन डॅमेज भागात येते. पण पाणी शिरलेल्या गाडीला सेल्फ मारल्याने पुढे होणारे नुकसान इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर नाकारले जाऊ शकते. गाडी पाण्यात गेली, तर सेल्फ मारू नका, फोटो काढा आणि सर्व्हेअर येण्याआधी काहीही खोलू नका.

गॅरेजमध्ये मागायच्या गोष्टी

कोडचा फोटो, वीज आणि अर्थिंगची मापे, लेखी अंदाजपत्रक, काढलेला पार्ट परत, पार्ट नंबर आणि हमी लिहिलेले बिल. विजेचे पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाहीत, म्हणून ‘बदलून बघू’ याला नकार द्या. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पुढे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.

पुन्हा खर्च नको असेल तर

गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढा. जंप देताना प्लस-मायनस दोनदा पाहा. इंजिनावर प्रेशरचे पाणी मारू नका. पावसाळ्यापूर्वी काचेखालचा पाला काढा आणि अर्थिंगचे बोल्ट साफ करून घ्या.

वडाप आणि दुधाच्या गाड्यांवर इथे कितीतरी घरांची चूल पेटते. अशा गाडीवर चुकीच्या निदानाचे तीस हजार घालणे कुणालाच परवडणारे नाही. मापे पाहिल्याशिवाय ईसीएम बदलायला होकार देऊ नका.