महासाथीनंतरचा प्रवासी आणि ॲपवरील टॅक्सी

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोविड-१९ चे पहिले दोन रुग्ण पुण्यात आढळले. दुबईचा प्रवास करून परतलेले ते एक दांपत्य होते. दुसऱ्याच दिवशी आणखी तिघांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांत दांपत्याची कन्या होती, विमानातील एक सहप्रवासी होता, आणि या कुटुंबास मुंबईहून पुण्यास घेऊन आलेला टॅक्सीचालक होता. राज्यातील पहिल्या पाच रुग्णांत एक टॅक्सीचालक असावा, ही गोष्ट पुढे रुग्णसंख्येच्या लोंढ्यात विसरली गेली. परंतु भाड्याच्या मोटारीचा आणि साथीचा परस्परसंबंध समजावून घेणाऱ्यास तेथूनच प्रारंभ करावा लागतो. टॅक्सीतील धोका केवळ प्रवाशाचा नव्हता. प्रवाशास चालकाचे भय होते आणि चालकास प्रवाशाचे. त्यातही प्रवाशास एकाच चालकाशी गाठ घालावयाची होती, तर चालकास दिवसभरात दहा-पंधरा अनोळखी व्यक्तींशी.

भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे टॅक्सी वा रिक्षा बोलावण्याची पद्धत महासाथीपूर्वीच मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत रुळली होती. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात अशा कंपन्यांना ‘समुच्चयक’ म्हणून स्थानही मिळाले होते. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात या कंपन्यांनी प्रथम सामायिक फेरी, म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या अनोळखी प्रवाशांनी एक मोटार वाटून घेण्याची सोय, बंद केली. पाठोपाठ २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि टॅक्सीची चाकेच थांबली. एका प्रमुख भारतीय कंपनीच्या प्रमुखांनी मे २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कळविले की, दोन महिन्यांत कंपनीचे उत्पन्न ९५ टक्क्यांनी घटले आहे. याच महिन्यात त्या कंपनीने १,४०० कर्मचाऱ्यांना कमी केले. चालक मात्र कंपनीचे कर्मचारी गणलेच जात नसल्याने त्यांची गणना या आकड्यात नाही. मोटारीच्या कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत दिली होती. परंतु लांबलेल्या हप्त्यावरील व्याजाचे मीटर चालूच राहिले.

इच्छा आणि कृती

त्या दिवसांत सर्वांपुढे एकच प्रश्न होता. साथ ओसरल्यानंतर प्रवासी पुन्हा अनोळखी माणसाच्या मोटारीत बसावयास तयार होईल काय? जगभरच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा मागोवा घेतला. त्यासाठी त्यांनी जी साधने वापरली, त्यांपैकी एकाचा परिचय येथे करून घेणे उपयुक्त ठरेल. आयसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये विस्ताराने मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार मनुष्याचा मनोदय तीन गोष्टींवर अवलंबून असतो. ती कृती त्यास स्वतःला बरी वाटते की नाही, ही पहिली. त्याच्या भोवतालच्या माणसांना ती कशी वाटते, ही दुसरी. आणि ती करणे आपल्या आवाक्यात आहे असे त्यास वाटते की नाही, ही तिसरी.

डोंबिवलीस राहणाऱ्या आणि फोर्ट भागातील खाजगी कचेरीत काम करणाऱ्या एखाद्या लिपिक महिलेचे उदाहरण घेऊ. २०२० च्या पावसाळ्यात तिला टॅक्सीत बसणे गर्दीच्या बसपेक्षा निश्चित बरे वाटले असते. घरच्या मंडळींचाही आग्रह तोच असता. पण सुमारे पन्नास किलोमीटरचे भाडे दररोज दोन वेळा देणे तिच्या पगारात बसणारे नव्हते. अशा वेळी तिला ‘आपण टॅक्सी वापराल काय’ असे विचारल्यास उत्तर होकारार्थी येईल, आणि प्रत्यक्षात ती बसच्या रांगेत उभी असलेली दिसेल. महासाथीच्या काळात प्रश्नावल्यांच्या आधारे काढलेल्या अनेक अनुमानांची अडचण हीच आहे. सांगितलेला मनोदय आणि उचललेले पाऊल यांच्यामध्ये पैशाचे पाकीट उभे असते.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. येथे टॅक्सीचा खरा जोडीदार उपनगरी रेल्वे आहे. २२ मार्च २०२० नंतर लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, ऑक्टोबरात ठराविक वेळी महिलांसाठी, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळांत सर्वांसाठी सुरू झाली. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने तिची दारे पुन्हा सर्वसामान्यांना बंद केली आणि १५ ऑगस्टपासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना ती उघडली. ज्यांची घरे विरार, कल्याण, बदलापूरकडे आहेत, त्यांना या दीड वर्षात ‘इच्छा’ हा शब्द काहीसा चैनीचाच वाटला असेल. उलट, ज्यांचा टॅक्सीप्रवास स्थानकापासून कचेरीपर्यंतच्या तुकड्याचा होता, तो लोकल बंद होताच आपोआप संपला. रस्त्यावर टॅक्सी नसण्यामागे प्रवाशाचे भय किती आणि स्थानकाचे बंद दार किती, हे या काळातील आकड्यांवरून वेगळे काढणे सोपे नाही.

दिसणारे उपाय, न दिसणारी हवा

जून २०२० पासून ‘पुनश्च हरिओम’ या नावाने निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल होऊ लागले. टॅक्सी व रिक्षा यांस आरंभी केवळ अत्यावश्यक कामासाठी आणि चालकाव्यतिरिक्त दोनच प्रवाशांसह परवानगी होती. ५ ऑगस्टपासून टॅक्सीत तीन प्रवाशांस मुभा मिळाली. कंपन्यांनी चालकास कामावर येण्यापूर्वी मुखपट्टी लावलेले स्वतःचे छायाचित्र पाठविणे बंधनकारक केले. पुढील आसन रिकामे राहू लागले, चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा आला, दारात निर्जंतुकाची बाटली आली, आणि प्रत्येक फेरीनंतर आसने पुसण्याचा शिरस्ता पडला.

हे सर्व उपाय प्रवाशाच्या डोळ्यांस दिसणारे होते, आणि धीर देण्याचे काम त्यांनी निःसंशय केले. परंतु कोणत्या उपायाने किती संरक्षण झाले, याचे उत्तर कालांतराने निराळे मिळाले. दूषित पृष्ठभागास एकदा हात लागल्याने लागण होण्याचा संभव दहा हजारांत एकाहून कमी असतो, असा निर्वाळा अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये दिला. संसर्गाचा मुख्य मार्ग हवेचा होता. अमेरिकेतील ब्राउन आणि मॅसॅच्युसेट्स या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० अखेरीस मोटारीतील हवेच्या प्रवाहाचा संगणकाच्या साहाय्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चालक पुढे आणि प्रवासी मागील आसनावर विरुद्ध कोपऱ्यात, अशी त्यांची मांडणी होती. चारही खिडक्या उघड्या असताना धोका सर्वांत कमी आणि चारही बंद ठेवून वातानुकूलन चालू असताना सर्वांत अधिक, हे अपेक्षितच होते. मौजेची गोष्ट पुढेच आहे. दोनच खिडक्या उघडावयाच्या असतील तर आपल्या शेजारची उघडावी असे कोणासही वाटेल. पण प्रत्येकाने आपल्या समोरच्या बाजूची खिडकी उघडल्यास अधिक लाभ होतो असे त्यांना आढळले. कारण अशा वेळी मागून शिरून पुढून बाहेर जाणारा वारा दोघांमध्ये जणू पडदा धरतो.

म्हणजे जो पडदा कामाचा होता तो वाऱ्याचा, आणि तो फुकटचा होता. या हिशेबाने आपली तिन्ही बाजूंनी वारा खाणारी रिक्षा काचा लावलेल्या मोटारीहून सरस ठरावयास हरकत नव्हती. तरीही ज्यांना परवडत होते त्यांचा ओढा बंद मोटारीकडेच राहिला. मोठी, स्वच्छ, वातानुकूलित वस्तू म्हणजे सुरक्षित वस्तू, ही समजूत साथीपूर्वीची आहे आणि साथीने ती ढळली नाही. लोकशिक्षणाचे काम करणाऱ्यांनी येथे थोडा वेळ थांबण्यासारखे आहे. हात धुण्याचा संदेश घरोघर पोचला, पण खिडकी उघडण्याचा संदेश तितक्या जोमाने दिला गेला नाही.

भीती ओसरली, तक्रार उरली

२०२१ च्या वर्षात लसीकरण झाले, आणि १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील सर्व निर्बंध उठले. मुखपट्टी ऐच्छिक झाली. त्यानंतरच्या घडामोडींकडे पाहता असे दिसते की, प्रवाशाच्या मनातील संसर्गाचे भय तज्ज्ञांनी कल्पिले होते त्यापेक्षा पुष्कळ लवकर विरले. प्रवासी परत आला. मात्र तो परत आला तेव्हा रस्त्यावर चालक पूर्वीइतके नव्हते. कोणी गावी जाऊन शेती धरली होती, कोणाची मोटार हप्ते थकल्याने वित्तसंस्थेने ओढून नेली होती, तर कोणी माल पोचविण्याच्या कामास लागला होता. नैसर्गिक वायूचे दरही चढले होते. मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे मार्च २०२१ मध्ये २२ रुपयांवरून २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपये झाले. पण हे दर मीटरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे होते. ॲपवरील टॅक्सीचे भाडे कंपनीच्या गणिताने ठरत होते आणि त्यातील कपातही तीच ठरवीत होती.

परिणामी भयाची जागा तक्रारीने घेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख कंपन्यांना नोटिसा बजावल्या. त्यांतील तक्रारींची यादी वाचण्यासारखी आहे. चालक फेरी रद्द करण्याचा आग्रह धरतो व दंड प्रवाशाच्या माथी बसतो. रोख पैशाचीच मागणी होते. तक्रार ऐकणारा माणूस सापडत नाही. आणि त्याच यादीत वातानुकूलन लावले जात नाही, हीही तक्रार आहे! दोन वर्षांपूर्वी ज्या प्रवाशास खिडकी उघडी हवी होती, तोच आता ती बंद का नाही असे विचारीत होता. चालकाची बाजू अशी की, वातानुकूलनास लागणारे इंधन त्याच्या खिशातून जाते. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. दोघांमध्ये करार ठरविणारा तिसरा पक्ष मात्र मोटारीत हजर नसतो.

प्रवाशाच्या इच्छेची खरी कसोटी येथे लागते. नेमलेली मोटार येईल की नाही, सांगितलेले भाडे तेच राहील की नाही, आणि काही चुकल्यास दाद कोठे मागावयाची, या तीन प्रश्नांना नीट उत्तर मिळाले तर तो ॲप उघडतो. न मिळाल्यास ज्यांना शक्य आहे ते स्वतःची दुचाकी वा मोटार घेतात. शहराच्या दृष्टीने ही दुसरी शक्यता चिंतेची आहे. भाड्याची एक मोटार दिवसभरात अनेकांच्या कामी येते, तर खाजगी मोटार दिवसाचा बहुतेक वेळ रस्त्याची जागा अडवून उभी असते. दरम्यान २०२२ च्या मार्चमध्ये पुण्याची व एप्रिलमध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील मेट्रो सुरू झाली. मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणी भरून काढावयाचा, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे.

नियमनाची पावले त्या मानाने सावकाश पडली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये समुच्चयकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मागणी वाढल्यावरचे भाडे मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत सीमित केले होते, चालकाचा वाटा किमान ८० टक्के ठरविला होता, आणि चालकास पाच लाखांचा आरोग्य विमा असावा असे म्हटले होते. साथीच्या वर्षातील ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची होती. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील समुच्चयकांना परवान्यासाठी मुदतीत अर्ज करण्याचे आदेश दिले. २०२५ च्या एप्रिलअखेर राज्य मंत्रिमंडळाने समुच्चयक धोरणास मान्यता दिली आणि मे महिन्यात त्याचा शासन निर्णय निघाला. या धोरणानुसार चालकाने स्वीकारलेली फेरी विनाकारण रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम प्रवाशाच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. प्रवाशाने तसे केल्यास ५ टक्के किंवा ५० रुपये चालकास मिळावयाचे आहेत. चूक कोणाची हे ठरविणे नेहमीच सोपे असणार नाही. तथापि चुकीची किंमत दोन्ही पक्षांस लावली गेली, हे नवीन आहे.

राहता राहिला प्रश्न सामायिक फेरीचा. महासाथीत सर्वांत आधी बंद पडलेली ही सोय सर्वांत शेवटी परतणारी ठरली. अमेरिकेतही ती २०२२ च्या जूनमध्ये नव्या नावाने व मोजक्या शहरांतच सुरू झाली. याउलट आपल्या स्थानकांबाहेरची शेअर रिक्षा लोकल सुरू होताच पूर्वीसारखी भरून धावू लागली. तिघे जण खांद्यास खांदा लावून बसू लागले. तेथे सहप्रवासी अनोळखी असला तरी तो रांगेत आपल्यापुढे उभा होता, त्यास पाहून घेता येते, आणि भाडेही ठरलेले असते. ॲपवरील सामायिक फेरीत मोटारीचे दार उघडेपर्यंत आत कोण आहे हे कळत नाही. विशेषतः महिलांच्या दृष्टीने हा संकोच साथीपूर्वीही होता आणि साथीनंतरही आहे. २०२५ च्या धोरणात सामायिक फेरी निवडणाऱ्या महिलांना केवळ महिला चालक व महिला सहप्रवासी यांच्यासमवेत प्रवास करण्याचा पर्याय ठेवण्यात आला आहे. असा पर्याय मागितल्यावर प्रत्यक्षात मोटार मिळावयाची तर टॅक्सी चालविणाऱ्या महिलांची संख्या पुष्कळ वाढावी लागेल. परवाना, बिल्ला आणि मोटारीचे कर्ज या तिन्ही दारांशी त्यांना आज किती थांबावे लागते, यावर त्या पर्यायाचे भवितव्य अवलंबून आहे.